नऊ मीटर पलीकडचा नाश्ता

बारा सेंटिमीटर. मोठं संत्रं जाईल, टरबूज जाणार नाही.

जावयाला पहाटे सहा वाजता मासा वाढला. त्याला वाटलं, हा आपला मान आहे. अकरा वर्षं वाटत राहिलं.

बोगद्यात उघडी ज्योत पेटवायला सक्त मनाई. काडेपेटी असेल तर ती बाहेरच काढून घेतात.

रात्रपाळी करून आलेल्या माणसाला ‘झोप झाली का’ असं विचारू नये.

एक गोड बन. कडेला चार दातांची खूण. बाकी सगळा बन धडधाकट.

तर डोंगराच्या या अंगाला एक देश होता आणि त्या अंगाला दुसरा. दोघांनी मिळून बोगदा काढायचा ठरवला होता, आणि दोन्ही बाजूंनी सहा वर्षं खोदत खोदत आता मध्ये नऊ मीटर खडक उरला होता. त्या नऊ मीटरांतून आधी बारा सेंटिमीटर रुंदीचं एक भोक पाडलं होतं. पाणी लागतंय का आणि दोन्ही बोगदे एका रेषेत आहेत का, हे बघायला. रेष जुळली होती. फरक होता दोन बोटांचा, आणि त्या दोन बोटांबद्दल दोन्हीकडचे लोक अजून एकमेकांना दोष देत होते.

मावशीचं स्वयंपाकघर याच बोगद्यात होतं. बाहेर तोंडापाशी केलं असतं तर माणसांचा दीड तास नुसता जाण्यायेण्यात गेला असता, म्हणून कामाच्या टोकापासून दोनशे पावलांवर खडक कोरून एक खोली काढून दिली होती. विजेच्या चार शेगड्या, दोन मोठी पातेली, पत्र्याची टेबलं. टोक पुढे सरके तशी खोलीही पुढे सरके. सहा वर्षांतली ही पाचवी. तिला सगळे मावशीच म्हणत. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा असलेला मुकादमही मावशी म्हणे, आणि कामाचा ताण नसला की ती त्याला विचारी, तुमची आई माझी कितवी बहीण म्हणायची? हाताखाली होती तिची नणंद. हाताखाली असं कागदावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात नणंद हाताखाली काम करी आणि डोक्यावर बसून बोले.

बोगदा आरपार झाला की दोन्हीकडची माणसं एक होणार होती. पुढची दोन वर्षं आतून अस्तर घालायचं, तारा ओढायच्या, रूळ टाकायचे, ते सगळं मिळून. तीस इकडचे, चौतीस तिकडचे. ही बातमी साहेबानं जेवणाच्या टेबलावरच सांगितली. साहेबाच्या खिशाला कायम पोलादी पट्टी असे, म्हणून पाठीमागे त्याला पट्टीसाहेब म्हणत. समोर नुसतं साहेब. माणूस वाईट नव्हता. पण जे मोजता येत नाही त्याची त्याला भीती वाटायची. तो म्हणाला, दुपारचं जेवण कसंही जमेल, भात, भाजी, पाव काय कुणीही खातं. रात्रीचंही निभेल. पण सकाळच्या वेळी माणूस हट्टी असतो. गेल्या वर्षी पलीकडचे आठ इंजिनिअर बाहेरून वळसा घालून इकडे बैठकीला आले होते, त्यांना मावशीनं सकाळी ताजे बन, लोणी, जॅम आणि दूध दिलं होतं, आणि आठांतली सात ताटं जशीच्या तशी परत आली होती. दोन देशांना एक नाश्ता देता येत नाही हे सिद्धच झालं, असं साहेबाचं मत. तेव्हा दोन्ही स्वयंपाकघरं बंद, आणि गावातून सीलबंद खोकी येतील. सगळ्यांना सारखी. कुणालाच आवडणार नाहीत, म्हणजे कुणाची तक्रारही राहणार नाही.

नणंदेनं हातातला झारा खाली ठेवला. मावशीनं ठेवला नाही. तिच्या पातेल्यात दूध होतं.

मावशीला घरी बसायचं नव्हतं. घरी नवरा होता आणि त्याला उत्तम स्वयंपाक येत होता. दोघांनी एका ओट्यापाशी उभं राहायचं म्हटलं की तिसऱ्या दिवशी अबोला. इथं तीस माणसं तिच्या हातचं खाऊन खडक फोडत होती, आणि तो खडक किती फुटला हे रोज संध्याकाळी फळ्यावर लिहिलं जात होतं. आपण काल केलेल्या स्वयंपाकाचे साडेचार मीटर झाले, असं जगात किती बायकांना म्हणता येतं?

दूध उतरवल्यावर ती साहेबाकडे गेली. एक सकाळ द्या, म्हणाली. बोगदा ज्या दिवशी फुटेल त्या दिवशीची. चौसष्ट माणसं माझ्याकडे जेवतील.

साहेबानं पट्टी काढली, तिच्याशी चाळा केला, आणि मोजता येईल अशी अट घातली. चौसष्टांतली सहापेक्षा जास्त ताटं भरलेली परत आली तर खोकी. सहा किंवा कमी आली तर स्वयंपाकघर दोन वर्षं इथंच. शेवटचे नऊ मीटर जपून, थोडे थोडे फोडायचे होते; बाराव्या दिवशी सकाळी फुटेल, असा त्याचा हिशेब होता.

नणंद म्हणाली, झालं. आता वहिनी डोंगर फोडणार.

भोकातून दोर ओवलेला होता आणि दोराला एक लांबुळका पत्र्याचा डबा. मोजणीचे कागद त्यातून इकडून तिकडे जात. मुकादमानं ओळख खर्ची घातली आणि डबा मावशीच्या कामी लागला. मुकादमाची सासुरवाडी डोंगरापलीकडची. त्यामुळे तिकडची भाषा त्याला भांडण्यापुरती येत होती आणि समेटापुरती येत नव्हती.

पहिल्या दिवशी मावशीनं बन पाठवला. वरून साखर भुरभुरलेला, अजून कोमट. सोबत मुकादमाकडून निरोप: आमचा सकाळचा नाश्ता, चाखून बघा, तुमचा पाठवा. डबा सरसरत गेला. भोकातून वारा नेहमी तिकडून इकडे वाहायचा, तो थोडा वेळ अडला आणि पुन्हा सुरू झाला.

अर्ध्या तासानं डबा परत आला. आत तोच बन, कडेला चार दातांची खूण. त्याच्या शेजारी झाकणाच्या भांड्यात वाटाण्याचं दाट कढण, आणि कागदात गुंडाळलेला खारवलेल्या माशाचा तुकडा.

नणंदेनं वास घेतला आणि निकाल दिला. “कालचं उरलेलं पाठवलंय. पाहुण्याला कुणी शिळं पाठवतं का, वहिनी?”

मावशीला लागलं. उष्टा बन परत करायचा आणि वर रात्रीचं खरवडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी तिनं हट्टानं आणखी चांगला बन पाठवला, आत जॅम भरलेला. या वेळी बन परतच आला नाही, आला निरोप. मुकादम भोकाला कान लावून गुडघ्यांवर बसला होता. तो उठला, गुडघे झटकले आणि सांगावं की न सांगावं अशा चेहऱ्यानं उभा राहिला.

त्या स्वयंपाकीणबाई विचारतायत, तो म्हणाला, की इकडं बोगद्यात पोरंबाळं कामाला आहेत का? खाऊ का पाठवताय? त्यांनी त्यांचं चांगलं ताजं पाठवलं, त्याची तुम्ही पोचसुद्धा दिली नाही.

ताजं? नणंद म्हणाली. सकाळी सहा वाजता मासा ताजा? तिनं त्यावर पुढं पाच मिनिटं भाष्य केलं, त्यातलं लिहिण्यासारखं काही नाही.

मुकादम मात्र हसला. म्हणाला, तसं नाही, मासा तिकडं सकाळी देतात कधीकधी. मला देतात ना. मी सासुरवाडीला गेलो की सासूबाई पहाटे उठून कढण काय, मासा काय, उकडलेली अंडी काय, सगळं मांडतात. जावई म्हणून. इतका मान की मला लाज वाटते. मी दर वेळी म्हणतो, सकाळी सकाळी एवढं जेवण कशाला करता, आणि त्या माझ्याकडे बघत राहतात…

इथं तो थांबला.

मावशीनं त्याच्याकडे बघितलं. नणंदेनंही बघितलं. तुमचे मेहुणे काय खातात सकाळी, असं मावशीनं हळूच विचारलं.

“तेच,” मुकादम म्हणाला. मग, “सगळेच तेच खातात. शेजारचेसुद्धा.” अकरा वर्षांचा मान एका क्षणात डोक्यावरून उतरला होता, आणि टोपी काढल्यावर दिसावा तसा तो दिसत होता.

नणंद त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मधूनच हसत होती. चमचे धुताना हसली, फरशी पुसताना हसली. मुकादम दिसला की विचारी, जावईबापू, आज काय मान करू?

म्हणजे शिळं नव्हतं. तो त्यांचा नाश्ताच होता. एवढं कळलं, पण त्यानं मावशीचं काम सोपं झालं नाही, उलट अवघड झालं. चौतीस माणसांना सकाळी खारट, गरम, मासा घातलेलं हवं. तीस माणसांना गोड, मऊ, दुधात बुडवलेलं. ज्याच्या त्याच्या लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण, ते तिनं एका सकाळी कसं मोडायचं? तिनं मधला मार्ग शोधून पाहिला. बनात वाटाणे भरले. नणंदेनं एक घास घेतला आणि म्हणाली, यानं दोन्ही देश एक होतील, आपल्याविरुद्ध.

दिवस जात होते. सात उरले. पाच उरले. फळ्यावर आता उरलेले मीटर लिहीत, ते कमी होत होते.

चार दिवस उरले होते त्या पहाटे सहाला पाळी बदलत होती. इथं दोन खिडक्यांबद्दल सांगायला हवं. स्वयंपाकघराच्या भिंतीला दोन खिडक्या होत्या, आणि त्या मावशीनंच सहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या खोलीपासून प्रत्येक खोलीत गर्दी मोडायला पाडून घेतल्या होत्या. डावी चढत्या पाळीची, म्हणजे झोपून उठून कामाला निघालेल्यांची. तिथं बन, लोणी, जॅम, दूध. उजवी उतरत्या पाळीची, बारा तास खडकाशी झुंजून आलेल्यांची. त्यांना त्या वेळी जेवण लागे. एका खिडकीच्या माणसानं दुसऱ्या खिडकीशी जायचं नाही. नणंद हा नियम इतक्या कडकपणे पाळी की साहेबालाही एकदा रांगेतून परत पाठवलं होतं.

त्या पहाटे नणंद उजव्या खिडकीशी वाढत होती आणि तोंडानं तिचं पलीकडच्यांबद्दल चालूच होतं. उगवत्या सूर्यासमोर वाटाण्याचं कढण कसं काय घशाखाली उतरतं माणसाच्या, असं ती म्हणत होती. आणि म्हणता म्हणता झारा भरून अकराव्या माणसाच्या वाडग्यात ओतत होती.

वाटाण्याचं कढण.

मावशीनं तो झारा बघितला. मग वाडगे बघितले. अकरा माणसं, धुळीनं पांढऱ्या भुवया, पुढ्यात वाफाळतं कढण, दोन दोन उकडलेली अंडी, मीठ लावलेला पाव. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं. आणि हे आजचं नव्हतं. सहा वर्षं, रोज, सकाळी सहाला, तिच्या स्वतःच्या हातचं.

“वन्सं,” ती म्हणाली, “तुम्ही आत्ता काय वाढलंत?”

नणंदेनं झाऱ्याकडे बघितलं. बाराव्या माणसाचा वाडगा पुढे आलेला तसाच राहिला.

पाळ्या दर सोमवारी बदलत. या आठवड्यात रात्री खडक फोडणारा पुढच्या आठवड्यात दिवसा फोडी. म्हणजे तिच्या तिसांपैकी प्रत्येक जण एक आठवडा सकाळी बन खात होता आणि एक आठवडा सकाळी कढण. कुणाचंही पोट बिघडलं नव्हतं, कुणी नाक मुरडलं नव्हतं. एकाला आपण नाश्ता म्हणतो आणि दुसऱ्याला रात्रीचं जेवण म्हणतो, एवढंच. घड्याळाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. सोमवारी तर काही जण चुकून जुन्याच खिडकीशी जाऊन उभे राहायचे आणि नणंद त्यांना हाकलायची. चुकून कशाला म्हणायचं, मावशीच्या मनात आलं. पाय नेत होते तिकडे.

ती तशीच, हात न पुसता, दोनशे पावलं चालत भोकापाशी गेली. मुकादमाला ओढत नेलं. त्याला म्हणाली, एकच गोष्ट विचारा. तुमच्याकडे रात्रपाळी संपवून आलेला माणूस सकाळी काय खातो?

मुकादम भोकात ओरडला. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला; बहुधा तिकडेही कुणी कुणाला बोलवायला धावत गेलं होतं. मग एका बाईचा आवाज आला, भोकातून येतो तसा, जवळ आणि बारीक. मुकादमानं दोन वेळा विचारून खात्री केली.

“झोपायच्या आधी गोड दूध आणि गोड पाव,” तो म्हणाला. “म्हणे, त्याशिवाय झोप लागत नाही त्यांना.”

मावशी खडकाला टेकून उभी राहिली आणि हसायला लागली. तिचं हसणं भोकातून पलीकडे गेलं असावं, कारण तिकडून ती बाईसुद्धा, काय चाललंय हे न विचारताच, हसली. नऊ मीटरांचे तेव्हा चार राहिले होते.

त्यानंतर डब्याला उसंत नव्हती. बन जाई आणि बनाच्या जागी खारवलेला मासा येई. पलीकडच्या बाईनं मासा किती वेळ पाण्यात ठेवायचा ते बोटांचं चित्र काढून पाठवलं. मावशीनं बनाच्या पिठात घालायच्या दुधाची वाटी चित्रात काढली, तर ती पलीकडे टोपी समजली गेली आणि त्यावर एक पूर्ण सकाळ गेली. नणंदेनं मासा चाखला. आणखी एकदा चाखला. वाईट नाही, म्हणाली, आणि उरलेला तुकडा कुणाला दिला नाही.

फुटायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता साहेब स्वयंपाकघरात आला. उद्याचा बेत त्याला कागदावर हवा होता. मावशीनं कागद दिला. त्यावर दोन्ही होतं.

साहेब म्हणाला, ठरलं होतं एक नाश्ता. हे तर दोन झाले.

मावशी म्हणाली, एकच आहे साहेब. एकच टेबल, त्यावर सगळं एकदम, आणि जो तो आपल्या हातानं घेईल. आमच्या दोन खिडक्या होत्या म्हणून तुम्हाला दोन दिसतात.

साहेबानं खिडक्यांकडे बघितलं. डाव्या खिडकीवर नणंद आतून फळी ठोकत होती. चौथा खिळा तोंडात होता, त्यामुळे ती बोलत नव्हती, आणि ही गोष्ट साहेबाला फळीपेक्षा जास्त गंभीर वाटली असावी.

त्यानं विचारलं, आणि पलीकडच्या चौतिसांना यातलं काय आवडेल याचा काय भरवसा?

“साहेब,” मावशी म्हणाली, “निम्मे जण सकाळी बन खाऊनच झोपतात. मी आयुष्यात त्यांना बघितलेलं नाही, पण ते काय खातात ते मला पाठ आहे.”

साहेबानं पट्टीनं कागदाच्या कडा उगाच मोजल्या आणि सही केली.

सकाळी पाच चाळीसला शेवटचा खडक पडला. मोठा आवाज झाला नाही. आधी एक चीर, मग चिरेतून उजेड, मग बैलाएवढा एक तुकडा आतल्या आत खचला आणि त्याच्यामागे धूळ. पाण्याचे फवारे सुरू झाले. धूळ बसली तेव्हा भोक उरलंच नव्हतं. त्याच्या जागी दारासारखी वाट होती आणि तिच्यात पलीकडची माणसं उभी होती, इकडच्यांसारखीच पांढरी, नुसते डोळे आणि दात. दोन्हीकडून एकदम ओरडा झाला. दोन बोटांचा फरक कुणी मोजला नाही.

माणसांच्या पायांमधून वाट काढत एक ठेंगणी बाई पुढे आली. हातात झाकण बांधलेलं पातेलं, आणि ते कुणाच्याही हाती द्यायला ती तयार नव्हती. तिनं इकडच्या गर्दीत एकदा नजर फिरवली आणि सरळ मावशीपाशी येऊन थांबली. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. पलीकडचीनं पातेलं पुढे केलं. मावशीनं झाकण उचललं, वास घेतला, बोटानं चव बघितली आणि मीठ बरोबर आहे अशी मान हलवली. मुकादम मध्ये पडून काहीतरी भाषांतर करणार होता. दोघींनी त्याला एकाच वेळी हातानं बाजूला सारलं.

टेबल लांबच्या लांब होतं, सगळे पत्रे एकाला एक जोडून. बन एकीकडे, मासा दुसरीकडे असं मावशीनं ठेवू दिलं नव्हतं, सगळं सरमिसळ. त्या दिवशी कुणाची पाळी चढती आणि कुणाची उतरती, ते कुणालाच सांगता आलं नसतं. पलीकडचा एक दांडगा ड्रिलवाला बन कढणात बुडवून खात होता. इकडच्या एकानं ते बघितलं, तसंच करून बघितलं, आणि दुसरा बन घेतला. अंडी पहिल्या वीस मिनिटांत संपली. दूध दोनदा तापवावं लागलं. नणंद टेबलाच्या टोकाशी उभी होती आणि सवयीनं कुणाला तरी परत पाठवायला हात वर करत होती, आणि दर वेळी त्याच हातात कुणीतरी रिकामं ताट देत होतं. मुकादमानं सर्वांदेखत माशाचे तीन तुकडे घेतले आणि बसला. आज मान नाही ना काही, असं नणंदेनं विचारलं. आज भूक आहे, तो म्हणाला.

साहेब धुण्याच्या जागेशी उभा राहून परत येणारी ताटं मोजत होता. एकसष्ट रिकामी आली. तीन भरलेली.

पहिलं पलीकडच्या एकाचं; त्याचा दात दुखत होता. दुसरं इकडच्या एका पोऱ्याएवढ्या दिसणाऱ्या मोजणीदाराचं, जो बोगदा फुटला या आनंदात रडत होता आणि त्याला गिळता येत नव्हतं. तिसरं ताट कुणाचं, हे साहेब बराच वेळ शोधत होता. मावशीनं ते त्याच्यासमोर ठेवलं. त्यावर बन होता, कढण होतं, मासा होता, आणि ते पहाटेपासून साहेबाच्याच नावानं झाकून ठेवलेलं होतं.

मग दोनच म्हणा, ती म्हणाली. बसा आणि खा.

साहेब बसला. आधी त्यानं बन उचलला, मग थांबून चमचा उचलला. पलीकडची बाई त्याच्यासमोर उभी राहून, कमरेवर हात ठेवून, तो काय आधी खातो ते बघत होती. त्यानं कढण संपवलं, बन संपवला, ताट पुसून घेतलं, आणि त्याच टेबलावर गावातल्या खोकीवाल्यांना कळवायचं पत्र लिहिलं. दोन ओळींचं होतं. ते वाचून झाल्यावर नणंदेनं डाव्या खिडकीवरची फळी तपासली, पक्की होती. पलीकडच्या बाईनं बाह्या वर केल्या आणि मोठं पातेलं घासायला घेतलं, मावशीनं दुसरं घेतलं, आणि दुपारी किती भात लावायचा यावर दोघींचा, एकमेकींची भाषा न येता, पहिला वाद झाला. तो मावशी जिंकली.

चौसष्ट माणसांना पुरतील एवढे वाटाणे तिनं आदल्या दिवशी दुपारी दोन वाजताच, साहेबाच्या सहीच्या तीन तास आधी, भिजत घातले होते.